कॉन्वेंटातली दुसरी चूल

परभणीकडं बघण्यासारखं काय आहे, असं मला आमच्या साताऱ्याच्या भजनी मंडळात चौघींनी विचारलं. मी सांगितलं, "ऊन." त्या हसल्या, मीही हसले. खरं कारण सांगितलं असतं तर कुणी हसलं नसतं. मी तिथं एका बाईला एक वाक्य सांगायला चालले होते. वाक्य चार शब्दांचं. बासष्ट वर्षं ते माझ्या तोंडातून निघालं नव्हतं. बाकी कुठलीही गोष्ट माझ्या तोंडात बासष्ट मिनिटं टिकल्याचं घरच्यांना आठवत नाही.

निमित्त नातीचं. मुक्ता आर्किटेक्चर शिकते. तिला कॉलेजासाठी एक जुनी इमारत मोजून तिचे नकाशे काढायचे होते. जेवताना म्हणाली, "आजी, तू शिकलीस ते मुलींचं कॉन्वेंट अजून उभं आहे का गं?"

"मी उभी आहे ना? मग तेही असेल."

तिनं फोन लावला. तिथल्या प्रिन्सिपल सिस्टरांनी लगेच परवानगी दिली आणि सांगितलं, इमारत दाखवायला आमच्या तेरेजाबाई आहेत, शिक्षिका होत्या, रिटायर झाल्या तरी किल्ल्या त्यांच्याच कमरेला असतात. मुक्तानं हे मला येऊन सांगितलं तेव्हा मी पावटा सोलत होते. त्यानंतर बराच वेळ दाणे केरात आणि टरफलं पातेल्यात पडत होती.

तेरेजा आहे तर. लाज वाटते लिहायला, पण मी मनातल्या मनात तिला केव्हाच देवाघरी पाठवून दिलं होतं. मेलेल्या माणसाची माफी मागायची राहिली की नुसतं हळहळून भागतं. जिवंत माणसापुढं जाऊन उभं राहावं लागतं.

चारठाणा

परभणीत चुलतभावाकडं उतरलो. गाडीतलं काही सांगत नाही. वरच्या बर्थवरचा गृहस्थ घोरत होता आणि खालच्या बर्थवरून मी त्याला साथ देत होते, असं मुक्ताचं म्हणणं आहे.

वहिनींनी सकाळी सुशीला केला. साताऱ्यात आम्ही चुरमुऱ्यांचा भडंग करून कुरुमकुरुम खातो. इथं तेच मुरमुरे भिजवून, पिळून, दाण्याचा कूट घालून फोडणीला टाकतात. मुक्तानं तीनदा घेतला आणि विचारलं, "आजी, तू हे आम्हाला कधीच का नाही केलंस?" काय सांगणार? लग्न होऊन साताऱ्याला गेले तेव्हा सासरचे माझ्या बोलण्याला हसायचे. मी महिनाभरात 'लय' सोडलं, 'करायलाय' सोडलं, आणि त्याच गाठोड्यात सुशीलाही बांधून टाकला. गैरसोयीचं ते गाठोड्यात टाकायचं, ही माझी जुनी खोड.

"वन्सं, किती वर्सांनी यायलात!" वहिनी म्हणाल्या. "आता आठ दिवस हलायचं न्हाई बगा. आज कॉन्वेंटला जायलाव न्हवं?"

"आज नको," मी म्हटलं. "आधी पोरीला चारठाण्याची देवळं दाखवते."

मुक्ता खूश झाली. मला वाटलं, एक दिवस लांबला.

चारठाण्याला त्या काळ्या दगडांवर हात फिरवत मुक्ता मला शिकवत होती आणि मी शिकल्यासारखं करत होते. एका भिंतीशी थांबून म्हणाली, "हे बघ. भिंत एका वेळी बांधली असेल तर दगड एकमेकांत दातांसारखे अडकलेले असतात. इथं मात्र सांधा वरून खाली सरळ उतरलाय. म्हणजे इथं आधी मोकळी जागा होती, ती नंतर कुणीतरी भरली. वर कितीही गिलावा थापला तरी सांधा कधीतरी दिसतोच."

माझा पाय तिथल्याच पायरीवरून घसरला. मी तो दोष पायरीला दिला. पडले नाही, पण चपलेचा अंगठा तुटला. देवळाजवळच्या घरातली एक सून धावत आली, मला ओट्यावर बसवलं, पाणी दिलं आणि आतून गुलाबी प्लास्टिकच्या चपला घेऊन आली. त्यांच्यावर एकेक फुलपाखरू.

"ह्या घाला, आजी. आमच्या पोरीच्या हायत, पर तुमचा पाय लहानच हाय की."

मी तिचं पाणी गटागटा प्यायले, चपला पायात चढवल्या. तिचं नाव विचारलं, आडनाव विचारलं नाही. आमच्या आत्याबाई असत्या तर आधी आडनाव विचारलं असतं आणि तहान तशीच घरी आणली असती.

पिंगळी

दुसऱ्या दिवशी मुक्तानं टेप, वही, पेन्सिली पिशवीत भरल्या. मी म्हटलं, "वाटेत पिंगळीला थांबू. आमचं गाव तिथून जवळच." तिनं पिशवी खाली ठेवली.

"आजी, तुला कॉन्वेंटला जायचंय की नाही?"

"जायचंय गं. पण मी तिथं पिंगळीहूनच जायची. सुरुवातीपासून सुरुवात करू."

पिंगळीच्या स्टेशनावर लिंबाखालच्या बाकावर बसून मी तिला सुरुवात सांगितली. बापूंनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, परभणीच्या स्टेशनावर रेल्वेतल्या एका साहेबाची मुलगी पाहिली होती. तिनं वेळापत्रक वाचून स्टेशनमास्तरला इंग्रजीत झापलं. बापूंना ते इतकं आवडलं की घरी येऊन म्हणाले, आमची विमल कॉन्वेंटात राहून शिकणार. घरात बापूंच्या वर आत्याबाई. पांढरं लुगडं नेसलेल्या, आवाज मोठा, सोवळं त्याहून मोठं. त्यांनी हुकूम काढला, "पोरगी तिथं शिकू दे. पर तिथलं अन्न न्हाई आन् तिथलं पाणी न्हाई."

कॉन्वेंटात त्यावर इलाज तयारच होता. निजामाच्या अमदानीत सिस्टर आल्या त्या रेल्वेवाल्यांच्या मुली शिकवायला. पुढं आसपासच्या जमीनदारांच्या घरांतून विचारणा झाली, पण प्रत्येक घराची अट आमच्या आत्याबाईंचीच. तेव्हा सिस्टरांनी जेवणघराला लागून एक छोटं स्वयंपाकघर बांधलं, त्याला वेगळी चूल, वेगळा माठ, आणि आमच्यासारख्या घरांना चालेल अशी स्वयंपाकीणबाई. माझ्या वेळी त्या गंगाकाकू. आम्ही सहाजणी तिथं पाटावर बसून जेवायचो आणि बाकीच्या साऱ्या मोठ्या जेवणघरात बाकांवर. कायद्यानं शिवाशिव बंद झालेली होती, माझ्या जन्माच्या आधीच. पण कायदा झाला दिल्लीला, आणि आमची चूल होती इकडं चुडावा स्टेशनाच्या अलीकडं.

"आणि तुला काही वाटायचं नाही?" मुक्तानं विचारलं.

"वाटायचं ना. दोन वेण्या, नाकात मोती, आणि आपल्यासाठी सिस्टरांनी वेगळी खोली बांधली म्हणून मान इतकी ताठ की नदीच्या पाण्यात चेहरा बघायलाही वाकायची नाही. असली टवळी मला आज भेटली तर मी तिच्या दोन्ही वेण्या एकमेकींना बांधून ठेवीन."

मुक्ता हसली. मी तिला इथपर्यंतच सांगितलं. पुढचं सांगायचं होतं, तेवढ्यात गाडीवाला म्हणाला, "बाई, चला, ऊन व्हायलंय." मी त्याचे मनातल्या मनात आभार मानले.

कॉन्वेंट

चुडाव्याच्या अलीकडं रुळाला धरून रस्ता जातो. आधी चिंचांची रांग, मग दगडी कुंपण, मग फाटक. घंटेचा मनोरा मला ताडमाड आठवत होता. तो दोन माणसांएवढा निघाला. मी लहान असताना सगळंच मोठं होतं, माझी अक्कल सोडून.

प्रिन्सिपल सिस्टर केरळच्या. मी आता नीट मराठी बोलावं म्हणून शब्द जुळवत होते, तोवर त्याच म्हणाल्या, "लय ऊन हाय, आजी. आत या की." मुक्ता तोंडावर ओढणी धरून हसली. माझी भाषा मी साताऱ्यात टाकून दिली आणि ह्या केरळातून येऊन उचलून बसल्या.

त्यांच्या मागून किल्ल्यांचा आवाज आला. करड्या रंगाचं सुती पातळ, दोरीला अडकवलेला चष्मा, पाठ सरळ. माझी वाकलीय. तेरेजा.

"या," ती म्हणाली. "पायऱ्या उंच हायत, बाई. जपून." नजर माझ्या चपलांवरच्या फुलपाखरांवर गेली आणि परत वर आली. 'बाई' म्हणाली, 'ये' न म्हणता 'या' म्हणाली. तिनं ओळखलं नाही, असं मी धरून चालले. छातीवरचा दगड उतरल्यासारखं वाटलं, आणि त्या वाटण्याचीही लाज वाटली.

मग तिनं आम्हाला सगळं फिरवून दाखवलं. शिकवायची सवय गेली नव्हती. आधी दाखवायची, मग विचारायची, मग सांगायची. "ही व्हरांड्याची तुळई कशाची हाय, सांगा बरं?" मुक्ता जवळ जाऊन बघते तो काय, लोखंडी रूळ! रेल्वेनं बाद केलेले रूळ सिस्टरांनी मागून आणले आणि त्यांच्यावर छत टाकलं. खाली शहाबादी फरशी, पावलांनी झिजून मधे खोलगट झालेली. वर मंगळुरी कौलं. भिंती काळ्या दगडाच्या, चुन्यात बांधलेल्या, हातभराहून रुंद. भर उन्हात आत माठासारखा गारवा.

प्रार्थनाघराच्या खिडक्यांशी मुक्ता रेंगाळली. "ह्या कमानी चर्चच्या वाटत नाहीत."

"न्हाईतच," तेरेजा म्हणाली. "इथल्या पहिल्या मदरनी, म्हंजे मुख्य सिस्टरनी, कागदावर गोल कमान काढून दिली. गवंडी नांदेडकडचे, जलमभर दर्गे आन् मशिदी बांधलेले. त्यांचा हात काय गोल वळंना. म्हणले, मेमसाब, कमान म्हणजे अशीच. मदर आठ दिवस रुसल्या. मग म्हणाल्या, ऱ्हाऊ द्या, उजेड तोच येणार हाय."

खरंच, लाल-निळ्या काचांतून उजेड फरशीवर पडला होता. मी सहा वर्षं इथं होते, पण ह्या खिडक्यांकडं कधी मान वर करून बघितलं नव्हतं. प्रार्थना चालू असली की आम्ही सहाजणी बाहेर ओट्यावर बसून गजगे खेळायचो. आत गेलं तर बाटतो, असं आम्हाला सांगितलेलं होतं.

शेवटी जेवणघर. लांबच लांब खोली, रुळांच्या तुळया, बाकांच्या चार रांगा. मुक्तानं टेपचं टोक माझ्या हातात दिलं आणि दुसरं टोक घेऊन ती भिंतीच्या कडेनं चालत गेली. मध्येच थांबली. बोटांनी भिंत चाचपली. मला कळलं ती कुठं थांबलीय. टेप माझ्या हातातून सुटली आणि सळसळत तिच्याकडं पळाली.

"आजी, इथं सांधा आहे! सरळ खाली. इथंही. वर दारावर असतो तसा लाकडी पाटही आहे. म्हणजे इथं दार होतं, कुणीतरी बुजवलंय." तिनं शाळेची माहितीपुस्तिका उघडली. "पलीकडच्या खोलीला ह्यात 'आजारी मुलींचं स्वयंपाकघर' म्हटलंय. पण मग आजारी मुली बाहेरून, उन्हातून फिरून आत जायच्या? असं कोण बांधेल? तेरेजाबाई, हे दार का बुजवलं?"

तेरेजानं चष्मा काढला, पदरानं पुसला.

"तुझ्या आजीला इचार, बाळ. ती तिथंच जेवायची."

दार

मुक्ता वळून माझ्याकडं बघत होती. मग मी सांगितलं. बाकाच्या कडेला धरून, उभ्यानंच.

मोठ्या जेवणघराचा स्वयंपाक मार्थाबाई करायच्या, तेरेजाच्या आई. त्यांच्या आज्यानं ख्रिस्ती धर्म घेतला होता, पण गावाच्या लेखी त्यांची वस्ती गावाबाहेरचीच राहिली. दर शनिवारी मार्थाबाई मागच्या अंगणातली विटांची भट्टी पेटवून पाव भाजायच्या. आमच्या छोट्या खोलीत धूर कोंडायचा म्हणून मधलं दार उघडं असायचं. मात्र उंबरा ही सरहद्द. तिकडची मुलगी इकडं नाही, इकडची तिकडं नाही. तेरेजा माझ्याच वर्गातली, उंबऱ्याजवळच्या बाकावर बसायची. मी उंबऱ्यावरून तिला गंगाकाकूंचा लाडू सरकवायची, ती मला पाव.

पाव खाल्ला की माणूस बाटतो, हे आत्याबाईंचं ठाम मत. पहिला पाव खाल्ला आणि माझी पाचावर धारण बसली. सकाळी उठल्या उठल्या आरसा बघितला. नाक होतं तिथंच. मग रामरक्षा म्हणून बघितली, तोंडातून निघते का. निघाली, पहिल्यापासून शेवटपर्यंत. तेव्हा मी दुसरा पाव खाल्ला.

दोन वर्षं हे चाललं. सातवीत असताना आत्याबाई मला भेटायला आल्या. त्यांनी माझी ट्रंक उपसली. नव्या परकराच्या घडीत पाव निघाला, मुंग्यांसकट.

"हे काय हाय, विमल?"

मी म्हणाले, "तेरेजानं ठेवलंय. मला बाटवायला."

पहिलं वाक्य भीतीनं निघालं, असं एक वेळ धरू. पण दुसरं मला कुणी विचारलंच नव्हतं. ते मी पदरचं घातलं. आमच्या घरात 'बाटणं' हा शब्द कायम सांडलेला असायचा. तो मी उचलला आणि माझ्या मैत्रिणीवर फेकला.

तिसऱ्या दिवशी सहा घरांतले पुरुष जीपमधून आले. मुलींना बाटवतात, असा बोभाटा झाला. शाळा बंद पाडू म्हणाले. आमच्या वेळच्या मदर गोऱ्या, त्यांचं मराठी पुस्तकातलं, ते त्या दिवशी पुरलं नाही. शाळा वाचवायची म्हणून त्यांनी तेरेजाला सगळ्यांसमोर ह्याच जेवणघरात गुडघ्यावर बसवलं. जेवणाची वेळ होती. तेरेजा म्हणाली, "माझी चूक झाली. पुन्हा होणार नाही." बारा वर्षांची. न केलेल्या गोष्टीची माफी, आणि आवाज जराही कापला नाही.

मी उंबऱ्याच्या अलीकडं पाटावर होते. गंगाकाकूंनी त्या दिवशी शिरा केला होता. मी दोनदा मागून घेतला.

दुसऱ्या आठवड्यात गवंड्यानं दार बुजवलं. मार्थाबाईंची भट्टी विझली ती विझलीच. पुढची चार वर्षं आम्ही एका वर्गात बसलो. तेरेजा माझ्याशी बोलली नाही, असं मी आजवर स्वतःला सांगत आले. खरं म्हणजे मीच तिच्याकडं बघितलं नाही.

मुक्तानं टेप गोळा केली, पुन्हा पुन्हा गोळा केली. मला घरी अर्धं जग रागावतं आणि मी अर्ध्या जगाला उलट बोलते. तिचं ते न बोलणं मात्र फार लागलं.

तेरेजा मला मागं तिच्या खोलीत घेऊन गेली. स्टोव्हवर चहा टाकला. मी साताऱ्याच्या कंदी पेढ्यांचा पुडा पुढं केला. ती म्हणाली, "शुगर हाय मला." पुडा तसाच टेबलावर राहिला. मग मी ते वाक्य बोलले.

"मी खोटं बोलले होते."

"मला म्हाईत हाय की," ती म्हणाली. "मी तिथंच होते."

"मला माफ कर, तेरेजा."

तिनं चहा गाळला. कप माझ्याकडं सरकवला, तसाच, उंबऱ्यावरून पाव सरकवायची तसा.

"मला सिस्टर व्हायचं होतं. मॅट्रिक झाल्यावर मदरना इचारलं. मदर म्हणाल्या, दोन वर्सं थांब, लोकांना इसरू दे. दोन वर्सांत आईचे गुडघे गेले, तिला बघायला कोण? मग राहिलंच." तिनं हे भाजीचा भाव सांगावा तसं सांगितलं. "मास्तरीण झाले. ते काय वाईट न्हाई झालं. पर इचारशील तर, तसं झालं."

"मी काय करू, सांग."

आता तिनं पहिल्यांदा माझ्याकडं नीट बघितलं, आणि पहिल्यांदा जुन्या नावानं हाक मारली.

"मी खोलीत माफी मागितली न्हवती, विमे."

बाहेर जेवणाची घंटा झाली.

जेवणघर

मुली रांगेनं आल्या. निळे फ्रॉक, तेल लावलेल्या वेण्या. आता तिथं एकच स्वयंपाकघर आहे. सगळ्यांचं ताट एक: ज्वारीची भाकरी, वांग्याची भाजी, वरण, भात. जुना दस्तूर मात्र तोच आहे. प्रार्थना झाल्यावर बसायचं, ताट पुसून खायचं, दुसरी घंटा होईस्तोवर उठायचं नाही.

तेरेजानं सिस्टरांच्या कानात काहीतरी सांगितलं. सिस्टरांनी माझ्याकडं बघितलं आणि मान हलवली. प्रार्थना संपली. तेरेजा भिंतीतल्या त्या सांध्याजवळ जाऊन उभी राहिली आणि फरशीकडं बोट केलं. इथं.

मी गुडघे टेकायला गेले. ते अर्ध्यात अडले. एक बारकी पोर खुदकन हसली. मुक्ता पुढं सरसावली, तिला मी हातानं थांबवलं. अखेर बाकाला धरून, गुलाबी फुलपाखरांवर उभी राहून, मी शंभरेक मुलींना सगळं सांगितलं. पाव सांगितला, ट्रंक सांगितली, माझी दोन्ही वाक्यं सांगितली. 'बाटवायला' म्हणताना आवाज चिरकला. बारा वर्षांच्या तेरेजाचा कापला नव्हता. माझ्या चौऱ्याहत्तर वर्षांत तेवढंही बळ जमलेलं नव्हतं. शेवटी म्हणाले, "तेरेजाची काही चूक नव्हती. चूक माझी होती. माफी मी मागते."

मग मघाशी हसलेलीच पोर म्हणाली, "आजी, मग पाव कसा लागायचा?"

"गरम," मी म्हटलं. "लोण्यासारखा."

"काय बी सांगायलीस!" मागून तेरेजा म्हणाली. "कडा करपलेल्या असायच्या. चांगले पाव सिस्टरांच्या ताटात जायचे, करपका एक आई मला द्यायची. तोच तुला द्यायची मी."

मुली हसल्या. सिस्टरही हसल्या. मी हसायच्या बेतात होते, तेवढ्यात लक्षात आलं की ती मला तिच्या वाट्याचा द्यायची. तिला एकच मिळायचा.

"बस," तेरेजा म्हणाली आणि बाकावर सरकून जागा केली. मी बसले. सहा वर्षं त्या शाळेत शिकले, पण त्या जेवणघरात जेवले ते ह्या दिवशी पहिल्यांदा. समोर मुक्ता वही उघडून बसली होती. अजून माझ्याकडं बघत नव्हती.

"तेरेजाबाई, नकाशावर त्या खोलीला काय लिहू? पुस्तिकेतलं लिहिणार नाही मी."

"लिही, वरच्या जातीच्या पोरींचं स्वयंपाकघर. आन् दाराच्या जागी लिही, बुजवलं. तारीख मला म्हाईत हाय, देते."

"कुणी बुजवलं, तेही लिहू?"

"नकाशात तेवढी जागा कुठं हाय?" तेरेजानं माझ्या ताटात भात वाढला. "ते हिला लिहू दे. बोलायला बरी हाय, लिहायला बी जमंल."

मी हळूच विचारलं, "लिहिलं तर माफ करशील?"

"आधी लिही. मग बघू. भात संपव, घंटा व्हायलीय."

सातारा

परत येताना मुक्ता पूर्णा स्टेशन येईपर्यंत खिडकीबाहेर बघत होती. मग स्टेशनावर तिनं दोन कप चहा आणला आणि एक माझ्या हातात दिला. म्हणाली, "पेढ्यांचा पुडा मुलींनी संपवला." तेवढंच. माझी नात माझ्यापेक्षा शहाणी आहे. तिनं मला लगेच सोडलं नाही.

घरी आल्यावर हे लिहायला घेतलं आणि झाल्यावर एक प्रत तेरेजाला पाठवली. महिन्याभरानं कागद परत आले. मास्तरणीनं लाल शाईनं तपासले होते. दोन-चार ठिकाणी ऱ्हस्व-दीर्घ सुधारलेलं, प्रार्थनाघराच्या खिडक्यांशेजारी 'बरोबर' असं लिहिलेलं. माफ केलं की नाही, त्याबद्दल अक्षर नाही. फक्त शिऱ्याच्या वाक्याखाली एक रेघ, आणि समासात तिचं वळणदार अक्षर:

"दोनदा नाही, तीनदा. दार तेव्हा उघडं होतं. मला दिसत होतं."

वर मी दोनदा लिहिलंय, ते मुद्दाम तसंच ठेवलंय. वाचणाऱ्यांनी तीनदा वाचावं.